नातू हवाईयन बोलतो, आजीने काय करावं?

पत्र:

माझा मुलगा हवाईत, हिलो गावी असतो. सून तिथलीच, मूळ हवाईयन. नातू साडेतीन वर्षांचा, ‘पूनाना लेओ’ नावाच्या बालवाडीत जातो. तिथे इंग्रजीचा एक शब्द चालत नाही, सगळं हवाईयनमध्ये. घरीही सून त्याच्याशी तेच बोलते. मी मराठी-संस्कृतची निवृत्त शिक्षिका, वय चौसष्ट. गेले आठ-नऊ महिने ड्युओलिंगोवर हवाईयन शिकते आहे, एक दिवस चुकवलेला नाही. सगळे शब्द वहीत देवनागरीत उतरवून ठेवलेत. पण व्हिडिओ कॉलवर नातू बोलायला लागला की अक्षर कळत नाही. पैसे भरून ऑनलाइन वर्ग लावावा का? मुलगा म्हणतो, “आई, कशाला त्रास घेतेस, तू आपली मराठीच बोल.” विहीणबाईंना तर स्वतःची भाषा असून ती येत नाही. परवा कॉलवर मी त्यांना दोन वाक्यं म्हणून दाखवली, तर त्या नुसत्या हसल्या आणि उठून गेल्या. या वयात हे खूळ सोडून द्यावं का?

– एक आजी, कोल्हापूर

उत्तर:

बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. खूळ सोडू नका. पण शिकायचं कशासाठी ते जरा बदला.

आधी तुमच्या मुलाचं. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नातवाशी तुम्ही मराठीच बोला. हवाईयन त्याला आई देते, बालवाडी देते, पुढे शाळाही देईल. हवाईत बालवाडीपासून बारावीपर्यंत हवाईयन माध्यमाची सोय आहे, आणि त्या सरकारी शाळांत इंग्रजी हा विषय येतो तो पाचवीत. इंग्रजी तर काही न करताही त्याच्या अंगाला चिकटेल. मराठी मात्र त्याला बापाखेरीज फक्त तुमच्याकडून मिळणार. तुम्ही मोडक्या हवाईयनमध्ये त्याच्याशी बोलत बसलात, तर त्याची हवाईयन काही सुधारणार नाही आणि मराठी हातची जाईल.

मग उरलेलं अर्धं काय? तो तुम्हाला उत्तर हवाईयनमध्ये देणार. निदान अजून काही वर्षं तरी. ‘भूक लागली का रे?’ असं तुम्ही विचारणार, त्याला ते समजणार, आणि तो त्याच्या भाषेत काहीतरी सांगून मोकळा होणार. ते तुम्हाला कळायला हवं. म्हणजे तुम्हाला आधी बोलायला नव्हे, ऐकून समजायला शिकायचं आहे. ॲपवर तुम्ही आठ-नऊ महिने केलं ते नेमकं याच्या उलटं. शब्दांच्या फरश्या जुळवून वाक्य लावायचं, म्हणजे डोळ्यांचा आणि बोटांचा अभ्यास. कान तसाच कोरा राहिला.

आणि हेही खरं की साडेतीन वर्षांचं पोर तोंडात बिस्किट धरून, फोनपासून तीन फुटांवर उभं राहून मराठीत बोललं असतं, तरी तुम्हाला निम्मं कळलं नसतं. तेवढी स्वतःला सूट द्या.

ॲप वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ड्युओलिंगोचा हा कोर्स २०१८ साली आला, आणि तो तिथल्याच कामेहामेहा स्कूल्स आणि कानाएओकाना या संस्थांच्या मदतीने झाला. त्यामुळे त्यातली भाषा तिथल्या माणसांची आहे. पण कोर्स आखूड आहे. तुम्ही रोजच्या नेमाने बसत असाल तर एव्हाना त्याच त्या वाक्यांतून फिरत असणार. नेम मोडू नये एवढ्यासाठी पाच मिनिटं द्या हवं तर. उरलेला वेळ कानाला.

कानासाठी सगळ्यात उत्तम गोष्ट तुमच्या घरातच आहे. सुनेला सांगा, जेवताना, अंघोळीच्या वेळी, झोपवताना मुलाशी जे बोलतेस ते पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करून पाठव. बालवाडीत म्हणतात ती गाणी पाठव. एकच रेकॉर्डिंग आठवडाभर ऐका. पहिल्या दिवशी नुसता कलकल आवाज येईल, मग ‘हेले मइ’, म्हणजे ‘ये इकडे’, वेगळं ऐकू यायला लागेल, मग ‘पउ’, म्हणजे ‘संपलं’. काय ऐकू आलं ते सुनेला पाठवा, ती दुरुस्त करून देईल. लहान मुलाच्या घरात दिवसभर फिरणारी वाक्यं शेवटी थोडीच असतात.

आता ती वही. बाई, देवनागरीत लिहिणं बंद करा. सवय जाणार नाही, पण ऐका. देवनागरी काही ठिकाणी हवाईयनला फार छान बसते. तिथे ‘पउ’ म्हणजे संपलं, मध्ये घसा क्षणभर बंद करून म्हटलं की ‘प‘उ’ म्हणजे काजळी, शेवट दीर्घ केला की ‘प‘ऊ’ म्हणजे ओलसर, आणि ‘पा‘ऊ’ म्हणजे बायकांचं कमरेचं वस्त्र. इंग्रजीवाल्यांना यात घाम फुटतो, तुम्ही ह्रस्व-दीर्घ तपासत आयुष्य काढलंत. पण पुढे गाडी अडते. आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारतच नाही. हवाईयनमध्ये प्रत्येक शब्द स्वरानेच संपतो आणि तो स्वर पुरता ऐकू येतो. मग तुम्ही वहीत ‘हन’ लिहिता आणि तोंडात ‘हन्’ येतं, किंवा ‘हाना’ लिहिता आणि नको तिथे दीर्घ होतं. शिवाय तिथे ए आणि ओसुद्धा ह्रस्व-दीर्घ असतात, आणि त्यासाठी देवनागरीत आपल्याकडे खूणच नाही. तिथली लिपी रोमन आहे, पाच स्वर आणि आठ व्यंजनं, संपलं. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, ती काहाको. घसा बंद करण्याची जी उलट्या अवतरणचिन्हासारखी खूण, ती ओकिना, आणि ती आठ व्यंजनांपैकी एक मानतात. फोनच्या सेटिंगमध्ये हवाईयन कीबोर्ड मिळतो, तो घालून घ्या. (मला या सदरात देवनागरीच वापरायची आहे, तेव्हा इथले हवाईयन शब्द तुम्ही अंदाजाने घ्या.)

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. तुम्ही हवाईयन इंग्रजीतून शिकताय. ॲप इंग्रजीतून, शब्दकोश इंग्रजीतून, म्हणून तुम्ही मनातही इंग्रजीमार्गे जाताय, आणि जिथे रस्ता सरळ आहे तिथे वळसा पडतोय. मराठीतून जा.

उच्चारापासून बघा. तिथला प आणि क आपल्यासारखेच, हवा न सोडता म्हणायचे. अमेरिकन विद्यार्थी त्यांचा फ-ख करून ठेवतात आणि वर्ष-वर्ष तीच दुरुस्ती चालते. इंग्रजीतले डब्ल्यू आणि व्ही यांच्या मधला जो आवाज हवाईयनमध्ये ऐकू येतो, तो आपला ‘व’. तुम्हाला वेगळं काही करायचंच नाही.

मग ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे तिथल्या पाठ्यपुस्तकांत हा फरक समजवायला चित्रं काढावी लागतात. हवाईयनमध्ये समोरच्याला धरून बोलायचं तर ‘काकोउ’, वगळून बोलायचं तर ‘माकोउ’. तुम्हाला हे शिकवायलाच नको. फक्त त्यांच्याकडे दोघांसाठी वेगळं रूप आहे: ‘काउआ’ म्हणजे आपण दोघं, ‘माउआ’ म्हणजे आम्ही दोघं. आणि द्विवचन म्हटल्यावर घाबरेल ती संस्कृतची शिक्षिका कसली! आवाम्, युवाम् तुमच्या जिभेवर आहेत. नातू फोन हातात घेऊन आईबद्दल सांगताना ‘माउआ’ म्हणाला, तर ‘मी आणि आई, तू नाहीस’ एवढं सगळं त्या एका शब्दात आलं.

क्रियापद तिथे वाक्याच्या सुरुवातीला येतं. ‘उआ हेले के केइकी इ के कुला.’ इंग्रजीतून लावायला गेलं की उलटंपालटं करावं लागतं. आपल्याकडे बोलताना ‘गेलं ते पोर शाळेला’ म्हणतातच की. त्यातला ‘इ’ बघा: शाळेला गेलं, मुलाला पाहिलं, या दोन्हींतला ‘ला’ ते एकाच ‘इ’ने भागवतात, आपल्यासारखंच. ‘मी शिक्षिका’ असं ‘आहे’शिवायचं वाक्य त्यांच्याकडेही पूर्ण वाक्य असतं. ‘नको मला’ म्हणताना नकार आधी आणि ‘मी’ लगेच मागे, हीच चाल ‘अ‘ओले अउ माकेमाके’ची. हे वाक्य मात्र पाठच करा. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून तुम्हाला हेच सगळ्यात जास्त ऐकायला मिळणार.

यातून ऐकण्याचा एक मोठा फायदा होतो. आपलं वाक्य शेवटपर्यंत थांबायला लावतं, ‘खाल्लं’ की ‘खाल्लं नाही’ हे अगदी अखेरीला कळतं. हवाईयनमध्ये पहिल्याच शब्दाला बरंचसं उलगडतं. ‘उआ’ आलं तर झालेली गोष्ट, ‘अ‘ओले’ आलं तर नकार. म्हणून कॉलवर सगळं वाक्य पकडायला धावू नका. पहिला शब्द पकडा, मागचं हळूहळू येईल.

अवघड जाईल ते ‘माझं’. त्यांच्याकडे ‘माझं’ दोन प्रकारचं. मूल, नातवंड, नवरा-बायको, पुस्तक, जेवण यांना ‘क‘उ’. आईवडील, आजी-आजोबा, घर, शरीराचे अवयव यांना ‘को‘उ’. ढोबळ नियम असा सांगतात की जे तुमच्यामुळे आलं किंवा तुमच्या हातात आहे ते पहिलं. जे तुम्हाला आपोआप लाभलं किंवा ज्याच्या आत-वर तुम्ही असता ते दुसरं. म्हणजे तुम्ही म्हणणार ‘क‘उ मो‘ओपुना’, माझा नातू, आणि तो तुमच्याबद्दल म्हणणार ‘को‘उ तूतू’, माझी आजी. एकाच नात्याला दोन बाजूंनी दोन वेगळी ‘माझं’. याला मराठीचा आधार नाही, उदाहरणांनीच अंगवळणी पडेल. आणखी एक, त्यांच्याकडे ‘तू’-‘तुम्ही’ असा मानाचा भेद नाही. नातू तुम्हालाही ‘ओए’च म्हणेल. तसंही आजीला ‘अहो’ कोण म्हणतं!

वर्गाबद्दल विचारलंत. लावा, पण कान थोडा तयार झाल्यावर, आणि माणूस समोर असेल असाच. आहा पूनाना लेओ, म्हणजे नातवाची बालवाडी ज्यांची तीच संस्था, ‘निउओलाहिकी’ नावाचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम चालवते. तिथून सुरुवात करणं मला सगळ्यात सयुक्तिक वाटतं, कारण मग तुमची भाषा आणि त्याच्या बालवाडीतली भाषा एकच राहील. त्या बालवाड्यांत पालकांनीही भाषा शिकावी अशी अपेक्षा असते, तेव्हा तुमच्या मुलाची वहीही एव्हाना उघडलेली असणार. त्याला विचारा, त्याचे धडे काय चाललेत. ‘त्रास घेऊ नकोस’ म्हणणाऱ्या मुलाला आईचा गृहपाठ तपासायला लावण्यासारखी गंमत नाही.

थेट वर्ग घेतलात तर वेळेचं गणित सोपं आहे. हवाई आपल्यामागे साडेपंधरा तास आहे आणि तिथे घड्याळं मागेपुढे करत नाहीत, म्हणून हा हिशोब वर्षभर तोच राहतो. तिथला संध्याकाळी साडेपाचचा वर्ग म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ. चहा-आंघोळ उरकून बसायला छान.

फुकटातलंही पुष्कळ आहे. मेरी कावेना पुकुई आणि सॅम्युएल एल्बर्ट यांचा शब्दकोश, पहिल्यांदा १९५७ साली आलेला, इंटरनेटवर मोफत शोधता येतो. ‘उलुकाउ’ या डिजिटल ग्रंथालयात पुस्तकं आहेत, जुनी वर्तमानपत्रं आहेत. गूगलच्या भाषांतरात हवाईयन २०१६ पासून आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका; ‘माझं’चे ते दोन प्रकारसुद्धा तिथे घसरतात. वर्तमानपत्रांचा मोह मात्र तुम्हाला होणारच. आपलं ‘दर्पण’ १८३२चं, त्यांचं पहिलं १८३४चं, आणि तेव्हापासून १९४८पर्यंत लाखावर पानं छापली गेली. त्यात ना काहाको ना ओकिना. मोडीत ह्रस्व-दीर्घ संदर्भाने लावतो तसं वाचावं लागतं. सध्या तिकडे जाऊ नका, नातू तिथे राहील आणि तुम्ही एकोणिसाव्या शतकात.

ऐकायला मात्र ‘कानि‘आइना’ उघडा. हिलोच्याच विद्यापीठाचा ध्वनिसंग्रह आहे. लॅरी किमुरा यांनी १९७२ साली ‘का लेओ हवाई‘इ’ नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू केला आणि हवाईयन हीच मातृभाषा असलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून, फोनवर घेऊन, त्यांच्याशी नुसत्या गप्पा मारल्या. शेकडो तासांच्या त्या गप्पा आज तिथे ऐकता येतात, बऱ्याचशांचा लिखित मजकूरही आहे. (कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र २०१९ मध्ये आलं, त्याला ‘पोवेही’ हे नाव सुचवणारे हेच किमुरा.) कुणाच्या तोंडी ‘क’च्या जागी ‘त’ ऐकू आला तर गोंधळू नका. नि‘इहाऊ या छोट्या बेटावर, जिथे ही भाषा कधीच तुटली नाही, तिथे असंच बोलतात.

शेवटी, तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ. विहीणबाई हसल्या आणि उठून गेल्या.

बाई, त्यांच्या जागी बसून बघा. हवाईचं राज्य अमेरिकन व्यापाऱ्यांनी १८९३ साली उलथवलं, राणी लिलिउओकालानींना पदावरून काढलं. १८९६च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. शाळेत हवाईयन बोललं म्हणून मुलांनी मार खाल्ला, आणि ती मुलं मोठी झाल्यावर अनेकांनी ठरवलं की आपल्या पोरांशी ही भाषा बोलायची नाही. वडीलधारी आपसात बोलत, मुलं आली की इंग्रजी. राज्यघटनेने हवाईयनला अधिकृत भाषा केलं ते १९७८ साली. आहा पूनाना लेओ निघाली १९८३ मध्ये, पहिली बालवाडी पुढच्या वर्षी, आणि शाळांतल्या माध्यमावरची बंदी उठली १९८६ साली. तुमच्या वयाच्या विहीणबाई तोवर शाळा संपवून कामाला लागलेल्या असणार. त्यांची मुलगी ही भाषा बोलते, नातू बोलतो, मधल्या त्या तेवढ्या राहिल्या. आणि आता कोल्हापूरची विहीण फोनवर शिकून त्यांना वाक्यं म्हणून दाखवते. तुमच्या मनात आपुलकीच होती हे मला दिसतं. पण त्या उठून गेल्या त्यातही मला नवल वाटत नाही.

पुन्हा त्यांना वाक्यं म्हणून दाखवू नका. माफीही मागत बसू नका, त्याने अवघडलेपण वाढेल. त्याऐवजी विचारा.

कारण त्यांना भाषा येत नाही असं जे तुम्ही लिहिलंत, ते पूर्ण खरं नसणार. हवाईतली सामान्य माणसं जी बोली बोलतात तिला तिथे पिजिन म्हणतात. उसाच्या मळ्यांवर हवाईयन, चिनी, पोर्तुगीज, जपानी मजूर एकत्र आले, त्यातून ती घडली. तिला मोडकं इंग्रजी समजून सुधारायला जाऊ नका, ती धडधाकट भाषा आहे. तिच्यात हवाईयन शब्द जागोजागी आहेत. काम संपल्यावरच्या वेळेला ‘पउ हाना’, मुलांना ‘केइकी’, चविष्टला ‘ओनो’, कटकटीला ‘पिलिकिआ’. शिवाय गावांची, रस्त्यांची, पावसाची, वाऱ्याची नावं. घरात म्हटली जाणारी गाणी. हे सगळं विहीणबाईंच्या तोंडी असणार, आणि उच्चार तर तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी चोख. तुम्ही त्यांना विचारा, ‘ओनो’ आम्ही कुठे कुठे म्हणू शकतो? आमटीला चालेल का? तुमची आई तुम्हाला कोणतं गाणं म्हणायची? त्या सांगतील तेव्हा त्या शिकवणाऱ्या आणि तुम्ही शिकणाऱ्या.

त्यांचं मन लागलंय असं वाटलं, तर पुढे कधीतरी सुनेमार्फत विचारून बघा की निउओलाहिकीच्या धड्यांना दोघी मिळून बसायचं का. थेट तुम्ही विचारू नका, नाही म्हणणं त्यांना अवघड जाईल. त्या ‘नको’ म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा आणि तुमची फी तुम्ही भरा. ‘हो’ म्हणाल्या, तर शनिवारी दुपारी साडेचार त्यांना आणि रविवारी सकाळी आठ तुम्हाला सोयीचे पडतात का ते बघा. नातवाची दुपारची झोप तोवर झालेली असते, म्हणजे दोघींच्या उच्चारांवर हसायलाही कुणीतरी जागं असेल.